कावीळ, वस्तरा आणि मेडिकल

(शारजातल्या एका कामगार कॅम्पच्या मेसमध्ये, जुलैतल्या सुट्टीच्या दिवशी मराठी कामगारांसमोर केलेलं हे भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, थोडं नीटनेटकं करून.)

भात खाऊन बसलोय, बाहेर जुलैचं ऊन आहे आणि आत एसी, त्यामुळे पाच मिनिटांत निम्मे लोक डुलायला लागणार हे मला माहीत आहे. फार ताणणार नाही.

आधी एक सांगतो. मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला साधा सुपरवायझर आहे, आणि तुमच्यातले बरेच जण मला रोज साइटवर ओरडताना ऐकतात. आज जे सांगतोय ते ओळखीच्या डॉक्टरांना विचारून, जागतिक आरोग्य संघटनेची माहिती वाचून, समजून घेऊन सांगतोय. तुमचं स्वतःचं काही दुखणं असेल तर त्यासाठी डॉक्टरच लागेल, मी नाही.

रोज सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये आपण काय बोलतो? हार्नेस लावा, स्कॅफोल्डिंगचा टॅग बघा, पाणी प्या, साडेबारा ते तीन उन्हात काम नाही. सगळं बरोबर आहे. पण कंपनीची सेफ्टी बसच्या दारापाशी संपते. रूमवर गेल्यावर एका ब्लेडने चार जणांची दाढी होते, त्यावर कुठला टूलबॉक्स टॉक नाही. म्हणून आजचा विषय कावीळ.

कावीळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पिवळे डोळे, पिवळी लघवी, तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. आपल्या भाषेत त्या सगळ्याला एकच शब्द आहे. पण कावीळ हे लक्षण आहे, आजार नव्हे. बोकडाची कलेजी आपण खातो ना, तोच अवयव आपल्या पोटात उजवीकडे बरगड्यांखाली असतो, यकृत, लिव्हर. त्याला सूज आली की त्याला हेपॅटायटिस म्हणतात. सूज दारूने येते, औषधांनी येते, आणि विषाणूंनी येते. असे मुख्य विषाणू पाच आहेत, ए, बी, सी, डी आणि ई. यातले ए आणि ई तोंडावाटे शिरतात, खराब पाण्यातून आणि अन्नातून. बी, सी आणि डी रक्तावाटे शिरतात. डी एकटा काही करू शकत नाही, तो बी असलेल्या माणसालाच होतो, म्हणून त्याला आज बाजूला ठेवू.

हे दोन रस्ते नीट लक्षात ठेवा, कारण आपली सगळी गडबड इथेच होते. पाण्यातून येणारी कावीळ डोळे पिवळे करते, माणूस झोपवते, सगळ्यांना दिसते, आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होऊन निघून जाते. रक्तातून येणारा बी आणि सी बहुतेकांमध्ये दिसतच नाही. डोळे पांढरेशुभ्र, माणूस धडधाकट, तिसऱ्या मजल्यावर सळया खांद्यावर घेऊन जातोय, आणि आत वीस-पंचवीस वर्षं लिव्हर हळूहळू कडक होत चाललंय. मग एक दिवस पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, किंवा कॅन्सरच निघतो. आपण पिवळ्या डोळ्यांच्या माणसाला घाबरतो. जास्त काळजी करायची ती न दिसणाऱ्या आजाराची.

आकडे थोडेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात हेपॅटायटिस बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते, आणि सी असलेले सुमारे ५५ लाख. यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या कॅम्पमध्ये असा कोणीतरी असणारच, आणि त्याला स्वतःलाही माहीत नसणार.

आता पाण्याचा रस्ता. कोल्हापूरकडचे कोण आहेत इथे? हात वर करा. तुम्हाला २०१२ चा उन्हाळा आठवत असेल. इचलकरंजीत घरोघरी कावीळ, दवाखान्यात जागा नाही, माणसं दगावली. पंचगंगेत काय काय सोडलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. तो हेपॅटायटिस ई होता. मी हातकणंगले तालुक्यातला, तेव्हा नुकताच डिप्लोमा करून पहिल्या नोकरीला लागलो होतो, आणि घरचे फोनवर एकच बोलायचे, पाणी उकळून पी. त्याच्या आधीची मोठी साथ दिल्लीची, १९५५-५६ ची. सांडपाणी यमुनेत जिथून पिण्याचं पाणी उचलतात तिथपर्यंत मागे आलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो ई च होता हे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेली रक्ताची सँपलं तपासल्यावर कळलं.

इथे समुद्राचं पाणी गोड करून येतं, ते मुळात चांगलं असतं. प्रश्न येतो तो शेवटच्या टप्प्यात. गच्चीवरची टाकी, तिचं झाकण उघडं, कधी धुतली कोणाला माहीत नाही. कूलरचा फिल्टर. साइटवर बर्फ कोणी आणला, कशात आणला. मेसमध्ये कच्ची काकडी-कांदा कोणी चिरला आणि संडासाला जाऊन आल्यावर त्याने साबणाने हात धुतले का. ए चा विषाणू असाच फिरतो, एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात. ऐकायला घाण वाटतं, पण खरं तेच आहे. त्यामुळे टाकी धुतल्याची तारीख कॅम्प बॉसला विचारा. भांडायचं नाही, विचारायचं. तारखेचा कागद टाकीपाशी लावायला सांगा. संडासाबाहेर साबण नसेल तर त्याची तक्रार हीसुद्धा सेफ्टीचीच तक्रार आहे, असं मी माझ्या सेफ्टी ऑफिसरला सांगितलंय आणि तुम्हीही सांगा.

पाण्याच्या बाबतीत माझी खरी काळजी इथली नाही, गावाकडची आहे. हेपॅटायटिस ई गरोदर बाईला झाला, आणि त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर फार घातक ठरतो. अशा बायकांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चारातली किंवा पाचातली एक. पुरुषाला झाला तर महिनाभर अंथरूण, आणि पोटुशीला झाला तर जीवावर. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी अशी परिस्थिती असेल आणि आपण इथे आहोत. फोनवर पैसे पोचले का हे विचारतो, तेव्हाच विचारा की नळाला पाणी कसं येतंय, गढूळ आहे का, वास येतोय का, गटाराच्या शेजारून पाइप गेलाय का. ती गरोदर आहे तोवर पिण्याचं पाणी चांगली उकळी येईपर्यंत उकळायचं, गाळणं पुरत नाही. आणि गावात कावीळ सुरू झाल्याचं कानावर आलं तर तिला तडक दवाखान्यात दाखवायचं.

आता रक्ताचा रस्ता. यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्हीला आपण सगळे घाबरतो. पण लस न घेतलेल्या माणसाला दूषित सुई टोचली तर बी होण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. डोळ्याला दिसेल एवढं रक्त लागतं असंही नाही. दाढी करताना जे बारीक ओरखडे पडतात, पाणी लावल्यावर चुरचुरतात ना, तेवढं पुरतं.

तर सुट्टीच्या आदल्या रात्रीचं दृश्य. प्रत्येक रूममध्ये एक जण असतो, ज्याचा हात चांगला आहे. तो सगळ्यांची दाढी करतो, केस कापतो. पैसे वाचतात, गप्पा होतात, मला त्यात काहीच गैर वाटत नाही. पण वस्तऱ्याचं ब्लेड एक आणि माणसं पाच, हे बंद करा. ब्लेड बदलायला खर्च किती येतो? चहापेक्षा कमी. ज्याची दाढी त्याचं ब्लेड, आणि पाकीट त्याच्यासमोर फाडायचं. वापरलेलं अर्धं ब्लेड पुढच्यासाठी कागदात गुंडाळून ठेवायचं नाही. आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे तुरटी. दाढी झाली की तोच एक खडा सगळ्यांच्या गालावर फिरतो, नेमका जिथे कापलंय तिथेच. ब्लेड बदललं आणि तुरटी तीच, तर काय उपयोग? ज्याचा खडा त्याच्याकडे. झिरो मशीननेही खरचटतं. तिचं पातं काढून साफ करायला हवं. बाहेर सलूनमध्ये गेलात तरी नवीन ब्लेड डोळ्यांसमोर लावायला सांगायला लाजायचं नाही. तो चिडला तर दुसरं सलून शेजारीच असतं.

दात घासायचा ब्रश आणि नेलकटरही आपापलाच. ब्रश कोण दुसऱ्याचा वापरतो, असं म्हणाल. बारा जणांच्या रूममध्ये सगळे ब्रश एकाच डब्यात असले आणि पहाटे साडेचारला बस पकडायची असली की निळा कोणाचा आणि हिरवा कोणाचा हे बघायला कोणाला वेळ असतो?

साइटवरचं बघू. स्टील फिक्सर मंडळी, तुमच्या बोटात बांधणीची तार रोज घुसते. शटरिंगच्या सुतारांना लाकडाचं कुसळ. मग कोणाच्या तरी टोपीत एक सुई किंवा सेफ्टी पिन खोचलेली असते, तिनेच सगळ्यांची कुसळं निघतात. ती पिन फेकून द्या. फर्स्ट एडच्या पेटीत चिमटा असतो, तो नर्सकडून स्पिरिट लावून घ्या, किंवा सरळ तिच्याकडूनच काढून घ्या. जखम झाकून मगच काम करा. एखाद्याला मोठी दुखापत झाली, रक्त वाहतंय, तर मदत करायचीच, मागे सरायचं नाही, फक्त आधी हातमोजे. पेटीत पातळ रबरी हातमोजे नसतील तर मला सांगा, माझ्या साइटवर ती माझी जबाबदारी आहे.

आणि तरीही कोणाची सुई टोचली, कोणाचं रक्त तुमच्या उघड्या जखमेवर उडालं, तर जागा साबण-पाण्याने भरपूर धुवा, पिळत बसू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हेपॅटायटिस बी साठी लगेच, शक्यतो २४ तासांच्या आत, लस आणि गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देता येतं. आठवडा काढलात तर ती संधी गेली. अपघाताची नोंद करायला लावा, लेखी. उद्या काही निघालं तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

पाठदुखीवर हिजामा करून घेणारे बरेच आहेत. परवाना असलेल्या ठिकाणी, नवीन पात्याने, तुमचा तुम्ही निर्णय घ्या. पण रूमवर येऊन पन्नास दिरहममध्ये कप लावणारा जो माणूस आहे, त्याच्या पिशवीतले कप आणि ब्लेड आधी कोणाच्या पाठीला लागले होते, हे त्यालाही सांगता येणार नाही.

गावाकडे गेल्यावर आपण आणखी सैल होतो. जत्रेत गोंदवून घ्यायचं, आईचं नाव, बैलाचं तोंड, महाराजांची मुद्रा. एकच सुई, एकच शाईची वाटी, रांगेत तीस पोरं. त्याने धोका वाढतो. ताप आला की ‘डॉक्टर, सुई मारा’, हाही आपलाच हट्ट. गोळीने भागत असताना सुई कशाला? आणि घ्यायचीच असेल तर पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं पाहिजे. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हेपॅटायटिस बी ची साथ आली आणि कित्येक लोक मेले. दवाखान्यात जाऊन मेले, हे लक्षात घ्या. ज्यांनी फार पूर्वी, साधारण २००१ च्या आधी, आपल्याकडे रक्त घेतलंय, बाळंतपणात आईला रक्त चढवलंय, त्यांनी सी ची तपासणी एकदा करून घ्यावी. रक्तपेढ्यांमध्ये सी ची तपासणी सक्तीची झाली ती त्या सुमारास.

आता जे कोणी बोलत नाही ते. बी हा आजार शरीरसंबंधातून पसरतो. आपण इथे दोन-दोन वर्षं एकटे असतो, कोण कुठे जातो ते मी विचारत नाही आणि मला शिकवायचंही नाही. कंडोम वापरा. नाहीतर तो आजार तुम्ही रजेत घरी घेऊन जाल, आणि तिला काहीच माहीत नसेल. मग तिच्याकडून बाळंतपणाच्या वेळी बाळाला. मोठेपणी बी झाला तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं शरीर तो स्वतःच निपटतं. जन्मताना बाळाला झाला तर उलटं होतं, दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. म्हणून बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बी ची लस द्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट असते. घरी बाळंतपण जवळ आलं असेल तर भावाला, मेहुण्याला, कोणाला तरी हे एकच वाक्य सांगून ठेवा, चोवीस तासांत लस.

कशाने होत नाही, तेही सांगतो, कारण यात आपण माणसाला माणसातून उठवतो. एका ताटात जेवल्याने बी आणि सी होत नाही. एकाच ग्लासने पाणी प्यायल्याने नाही, हात मिळवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, शेजारच्या बंकवर झोपल्याने, एकाच संडासात गेल्याने नाही. आधीच्या एका कंपनीत माझ्या गँगमधल्या एका पोराचा रिपोर्ट कोणीतरी ऑफिसातून बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी त्याचं ताट वेगळं, बंक दाराबाहेर, आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्याचं नाव. ज्या रूमने त्याला बाहेर काढलं, त्याच रूममध्ये सुट्टीच्या आदल्या रात्री एका ब्लेडने सहा दाढ्या होत होत्या. पोरगं महिन्याभरात स्वतःच तिकीट काढून निघून गेलं. पगाराचे काही दिवस बाकी होते, तेही सोडून. कोणाचा रिपोर्ट तुमच्या हातात आला तर तो त्याला द्या आणि गप्प बसा. नोकरी, पगार आणि इभ्रत या तिन्ही गोष्टी त्या एका कागदावर लटकलेल्या असतात.

आणि आता मेडिकल. गल्फला येताना मुंबईत जे मेडिकल होतं, ज्याला अजून सगळे गामका म्हणतात, आता वाफिद झालंय, त्यात हेपॅटायटिस बी आणि सी ची रक्ततपासणी असते. पॉझिटिव्ह आलं की अनफिट. इथे आल्यावर परत मेडिकल, आणि कोणत्या कामाला कोणती तपासणी हे देशागणिक, कामागणिक वेगळं आहे. त्यामुळे ‘माझ्या चुलत भावाचं कतारला झालं’ यावर विसंबू नका.

माझं म्हणणं असं आहे की या मेडिकलमुळे आपण हेपॅटायटिसकडे फक्त विसाच्या नजरेने बघायला शिकलोय. अनफिट झालेला माणूस घरी येतो, एजंटला दिलेले पैसे बुडाले म्हणून रडतो, सावकाराचं व्याज मोजतो, आणि लिव्हरचं काय करायचं हे त्याला कोणीच सांगत नाही. ना एजंट, ना मेडिकल सेंटर. मग कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, दुसऱ्याच्या रक्तावर पास करून देतो, इतके हजार दे. मंडळी, हे करू नका. इथे उतरल्यावर पुन्हा रक्त घेतात. पकडलात तर परत पाठवणी आणि सगळा खर्च डोक्यावर. नाही पकडलात, तर वाढणारा आजार घेऊन पंचेचाळीस डिग्रीत दहा तास काम कराल, आणि कोणालाही सांगू शकणार नाही.

पॉझिटिव्ह आलेल्याने काय करायचं, ते ऐका. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जायचं. २८ जुलै २०१८ ला आपल्या सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी असेल तर गोळ्या आहेत, बहुतेकांना बारा आठवड्यांचा कोर्स, आणि शंभरात पंच्याण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. हो, पूर्ण बरे. बी पूर्ण जात नाही, पण सगळ्यांना औषध लागतंच असंही नाही. रक्तात विषाणू किती आहे आणि लिव्हर किती बिघडलंय हे बघून डॉक्टर ठरवतात. लागलीच तर रोज एक गोळी, आणि तिच्यावर माणूस आयुष्य काढतो. फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही.

मेडिकलच्या बाबतीत दोन बारीक गोष्टी, ज्या एजंट सांगत नाहीत. पहिली, सी बरा झाल्यावरही अँटिबॉडीची तपासणी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहते. विषाणू गेलाय हे व्हायरल लोडच्या रिपोर्टवरून कळतं. तो रिपोर्ट जपून ठेवा आणि मेडिकलच्या आधीच दाखवा. सगळीकडे मानतीलच असं नाही, पण हातात कागद असलेला बरा. दुसरी, बी ची लस घेतल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे रक्तात लसीचाच अंश सापडून तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून मेडिकलच्या आदल्या आठवड्यात लस घेऊ नका. निदान महिनाभर अंतर ठेवा.

लस म्हटलं म्हणून, कोणी घ्यायची? आपल्या देशात लहान मुलांना ही लस द्यायला काही ठिकाणी २००२ मध्ये सुरुवात झाली आणि २०११ मध्ये ती देशभर पोचली. म्हणजे या हॉलमध्ये बसलेल्या जवळजवळ कोणालाच लहानपणी मिळालेली नाही. बी ची लस तीन डोसांत असते, आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आधी रक्त तपासून घ्या, नसेल तर लस. ए ची लस वेगळी मिळते. सी ला लस नाही. ई ची लस आपल्याकडे बाजारात नाही, तिथे पाणीच सांभाळायचं. इथे विम्याचं कार्ड आहे, जानेवारी २०२५ पासून सगळ्या अमिरातींमध्ये खाजगी कंपनीच्या कामगारालाही आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि तो मालकाने भरायचा आहे. पगारातून कापत असतील तर विचारा. ज्यांना कंपनीला विचारायची भीती वाटते, त्यांच्यासाठी दुबईत प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे, ८०० ४६३४२ या नंबरवर फोन फुकट लागतो.

आणि माळेचं राहिलं. आपल्याकडे कावीळ झाली की गळ्यात माळ घालतात, ती लांबत जाते आणि कावीळ उतरली म्हणतात. काडी सुकते, गाठ सैल होते, माळ लांबते. निरोग्याच्या गळ्यात घाला, तरी लांबेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते आधी हाताला चोळलेल्या झाडाच्या सालीच्या रसाने. ए आणि ई आपोआप बरे होतात आणि नाव माळेचं होतं, म्हणून ही समजूत टिकून आहे. आजीचं मन मोडायचं नसेल तर माळ घाला, माझी हरकत नाही, पण रक्त तपासा. मात्र मनगटावर डाग देणं आणि नाकात कसलेतरी थेंब टाकणं, याला नाही म्हणा. कसलीही पाल्याची पावडर घेऊ नका, सुजलेल्या लिव्हरला ती आणखी मारते. दारू पूर्ण बंद. अंग दुखतं म्हणून डॉक्टरला न विचारता पॅनाडोलच्या गोळ्यांवर गोळ्या खाणंही बंद, तिचाही भार लिव्हरवरच पडतो.

एवढंच. प्रश्न विचारा. सगळ्यांसमोर नको असतील तर मी संध्याकाळी मेसच्या मागे असतो.

(शेवटी विचारलेले दोन प्रश्न इथे देतो, कारण ते बऱ्याच जणांचे आहेत.)

साताऱ्याकडच्या एका काकांनी विचारलं, “साहेब, रूममधल्या एकाला बी आहे हे मला माहीत झालंय. मी रूम बदलू का?” नका बदलू काका. तुमचं ब्लेड, ब्रश आणि तुरटी तुमच्यापाशी ठेवा, लस घ्या, आणि त्याच्याबरोबर जेवा.

दुसरा प्रश्न एका पोराचा. “रजेत दोन डोस झाले, तिसऱ्याला मी इथे असेन आणि तारीख चुकली तर पहिल्यापासून परत सुरू करायचं का?” नाही. राहिलेला डोस जेव्हा जमेल तेव्हा घ्यायचा, पहिले दोन वाया जात नाहीत. लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये काढून ठेव, म्हणजे इथल्या दवाखान्यात दाखवता येईल.